आत्याची निळी

आमच्या कारखान्यात एक नियम होता. बाकावर बसलेल्या माणसाला 'हो' सोडून दुसरं उत्तर द्यायचं नाही.

नियम आत्याचा, आणि त्यात तिचं काही चुकीचं नव्हतं. नळीच्या टोकाला वितळलेली काच लोंबत असते. ती सारखी फिरवत ठेवावी लागते, नाहीतर एका बाजूला ओघळते. भट्टीबाहेर आली की तिला फार तर अर्ध्या मिनिटाचा धीर. अशा वेळी बाकावरचा माणूस 'फुंक' म्हणाला की फुंकायचं, 'बास' म्हणाला की तोंड काढायचं. 'पण' म्हणायला वेळच नसतो. मी विसाव्या वर्षी तिथे कामाला लागले आणि पहिल्याच आठवड्यात 'पण' म्हणाले. आत्याने तो अर्धामुर्धा नग माझ्यासमोर पाण्याच्या बादलीत बुडवला. तो तडतडून फुटला, तेव्हा ती म्हणाली, "हे घे तुझं पण."

त्यानंतर सव्वीस वर्षं मी 'हो' म्हणत आले. माझा दादा माझ्याही आधीपासून म्हणत होता. घोटाळा एवढाच झाला, की बाकावरून उठल्यावरही आम्ही 'हो'च म्हणत राहिलो. भाजीत मीठ बरोबर पडलंय का, हो. भिंतीला हा रंग शोभतो का, हो. दादाला आवडलेल्या मुलीच्या हातांना घाम फार येतो का, हो. तो आजतागायत एकटा आहे.

कारखाना म्हणजे डोळ्यांसमोर मोठं काही आणू नका. वर पत्रे, खाली फरशी, दोन भट्ट्या, लोखंडी टेबल, एक लाकडी बाक आणि मागच्या भिंतीला मोठी खिडकी. वरच्या मजल्यावर आत्या आणि मी राहतो. आत्याने लग्न केलं नाही. आम्ही दोघं तिच्या भावाची मुलं, पण वाढवलं तिने. मला ती 'फुंकणी' म्हणते, कारण नळीत फुंकणं हे माझं काम. दादाचं काम भट्टी सांभाळणं आणि नग गरम करून आणणं. आणि आत्याचं काम बाकावर बसून माणसं करणं.

माणसं काचेची. हातभर उंच, नाक-डोळे नाहीत, हात अंगाला चिकटलेले. समोरचा काही सांगत असावा आणि नीट ऐकू यावं म्हणून पुढे व्हावं, तशी झुकलेली. अंग पारदर्शक, आणि आत तळापासून मानेपर्यंत चढत गेलेली एक निळी शीर. लोक लांबून येऊन ही माणसं घेऊन जायचे. ती निळी काच आत्याची स्वतःची. बाजारात रंगीत काचेच्या कांड्या मिळतात, पण आत्याने त्यांना कधी हात लावला नाही. दोनेक वर्षांनी एकदा छोट्या मुशीत ती आपली निळी वितळवायची. मी चमच्याने रंगाची पूड मोजून द्यायचे. ती एक थेंब ओढायची, गार झाला की खिडकीशी धरून निरखायची आणि म्हणायची, "अजून चिमूटभर."

सहा वर्षांपूर्वी तिने बाक सोडला. चाळीस वर्षं भट्टीच्या तोंडात बघितल्याचा प्रसाद म्हणून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा तिने नळी टेकणीवर ठेवली, म्हणजे टेकणीच्या शेजारी ठेवली, हवेत. नग फरशीवर गेला. ती उठली, अॅप्रन काढून खुंटीला लावला आणि जिन्याने वर गेली. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "डोळ्यात सुरी घालून घ्यायला मी काय बटाटा आहे?" यंदा तिला समोरच्या भिंतीवरचं घड्याळही दिसेना, तेव्हा कुठे तयार झाली. पण अट घातली.

"आधी मला एक माणूस करू द्या. डोळा गेलाच, तर निदान शेवटचा तरी माझ्या हातचा राहील."

ऑपरेशनला पाच दिवस होते. दादा म्हणाला, हो. मी म्हणाले, हो.

"आणि फुंकणे, डब्यात माझी निळी उरलीये ना? तीच घ्यायची."

"हो."

"तुम्ही ती दाण्यांची काच आणायला लागलात. तिच्याशी जमते ना माझी निळी? बघितलंस?"

हा प्रश्न तिने विचारायलाच हवा होता, आणि मला त्याची भीती होती. तीन वर्षांपूर्वी जुनी भट्टी खचली. दादाने लहान भट्टी बसवली आणि तेव्हापासून आम्ही स्वतः काच करायचं सोडून तयार दाणे आणून वितळवतो. आता, काच गार होताना आकसते. प्रत्येक काच सारखी आकसत नाही. एकाच नगात दोन न जुळणाऱ्या काचा घातल्या तर तो वरून धडधाकट दिसतो आणि मग उद्या, महिन्याने किंवा सहा महिन्यांनी, कुणीही हात लावलेला नसताना तडकतो. जुळतात की नाही हे बघायची युक्ती सोपी आहे. दोन्हींचे तुकडे एकत्र तापवायचे आणि त्यांचा बारीक दोरा ओढायचा. जुळत असतील तर दोरा सरळ राहतो. ती पुन्हा बाकावर बसायचं म्हणणार हे ओळखून मी त्याच सकाळी ओढून बघितला होता. भुवईसारखा वाकला. आत्या विचारत होती तेव्हा तो माझ्या अॅप्रनच्या खिशात होता.

"हो," मी म्हणाले. "जमते."

का म्हणाले? तिला दुखवायचं नव्हतं, हे एक. पण खरं सांगायचं तर सवयीने म्हणाले. जीभ आधी हलली, मी मागून पोहोचले.

खाली येऊन दादाला सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बोलून बसलीस ना? आता तूच निस्तर."

निस्तरायचा रस्ता एकच होता. नव्या काचेशी जुळणारी बाजारची निळी कांडी आणायची आणि आत्याची म्हणून खपवायची. तिला कुठे दिसणार होतं? दुकानदाराने माझ्यासमोर दोन कांड्या ठेवल्या. एक गडद, जवळजवळ काळपट. आत्याच्या डब्यातली निळी तंतोतंत अशी. दुसरी उजळ, स्वच्छ. मी कारखान्यात आले त्या वर्षी आत्याची निळी अशी होती.

हे मला माहीत होतं. दादालाही माहीत होतं. वर्षामागून वर्ष ती चिमूट चिमूट पूड वाढवत गेली आणि निळी काळवंडत गेली. पहिल्यांदा मी अर्धा चमचा दिला होता. शेवटच्या खेपेला अडीच. डोळ्यावर पिवळा पडदा चढत असला की निळं फिकं दिसतं, हे आम्हाला डॉक्टरने यंदा सांगितलं. पण निळी काळी पडतेय, हे कळायला डॉक्टर कशाला हवा?

मी उजळ कांडी घेतली. खरं तर गडद घ्यायला हवी होती. फसवायचंच तर नीट फसवावं. पण मला तीच आवडत होती आणि घेताना मी स्वतःला काही विचारलं नाही. घरी येऊन हातोडीने तिचे ओबडधोबड तुकडे केले, कारण आत्याला दिसत नसलं तरी तिची बोटं शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या जिना उतरली. तिने खुंटीवरचा अॅप्रन चाचपून काढला आणि झटकला. सहा वर्षांची धूळ उडून ती स्वतःच शिंकली. बाकावर बसल्यावर तिने दोन्ही हातांनी कड चाचपली, चिमटा कुठे, कात्री कुठे, ओल्या वर्तमानपत्राची घडी कुठे ते बघून घेतलं. आम्ही काच हातात धरून घडवतो म्हटलं की लोकांना थट्टा वाटते. पण वर्तमानपत्राची जाड घडी पाण्यात भिजवली की ती तळहातावर घेऊन तापलेल्या काचेला हवा तसा आकार देता येतो. मध्ये फक्त वाफ असते. आत्या म्हणायची, चिमट्याने सांगायचं आणि हाताने विचारायचं.

निळीचा तुकडा तिने आधी मागून घेतला. बोटांत फिरवला, नखाने टोकरला. मला वाटलं, संपलं. तिने तो परत दिला आणि म्हणाली, "चला."

मग आम्ही काम केलं. दादाने काच उचलली, निळी चिकटवली, वर काचेचे आणखी दोन थर चढवले. मी बाकाच्या टोकाला गुडघ्यावर बसून नळी तोंडात धरली. फुंक. बास. थोडं. अगदी थोडं. बास. गरम. दादा भट्टीपाशी नेऊन आणायचा, मी पुन्हा बसायचे. वर्तमानपत्राच्या घडीतून वाफ निघत होती आणि आत्याचा चेहरा त्या वाफेत होता. सहा वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं. ती चिडचिडी म्हातारी नव्हती, तिला कुणी हात धरून न्यावं लागत नव्हतं. नळी तोंडात असताना रडता येत नाही, ही फार मोठी सोय आहे.

तासाभराने माणूस उभा राहिला. दादा म्हणाला, "झकास." मीही म्हणाले, "झकास." आम्ही त्याला निवत ठेवायच्या पेटीत ठेवलं, दोन दिवस हळूहळू गार व्हायला.

एका डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप झालं. पट्टी निघाली त्या दिवशी आत्या घरात येऊन नुसती फिरत राहिली. मग सुरू झाली.

"हा पडदा पांढरा आहे?"

"पहिल्यापासून."

"मी तुला याला इस्त्री करू नको म्हणत होते, मळखाऊ आहे म्हणून!" मग माझ्याकडे वळली. "आणि तुझे केस कधी पिकले गं?"

"तुझं लक्ष नव्हतं."

"दादाचं पोट?"

"त्याचंही लक्ष नव्हतं."

ती खूप हसली. मीही हसले, पण माझं लक्ष जिन्याकडे होतं. कारण ती आता खाली जाणार होती.

ती दुसऱ्याच सकाळी गेली. दादाने नवा माणूस खिडकीत मांडून ठेवला होता. ऊन त्याच्यातून आरपार येऊन टेबलावर निळं सांडलं होतं. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली आणि उघड्या डोळ्याने कितीतरी वेळ बघत राहिली. मी मनात वाक्य जुळवत होते. आत्या, ही तुझी निळी नाही. एवढंच म्हणायचं होतं.

"ही माझी निळी," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ गं. मला वाटायचं आता कधी दिसणार नाही. अगदी अशीच. ही माझी निळी."

सांगणार कसं? आणि सांगायचं तरी कशाला, असंही मनात आलं. बाई सुखात आहे. नग तडकणार नाही. कुणाचं काय बिघडलं? आयुष्यभराची सवय कामाला लागली होती आणि मी तिला लागू दिली.

पण आत्या तेवढ्यावर थांबणारी नव्हे. तिला आपली सगळी माणसं बघायची होती. मी आल्यापासून प्रत्येक खेपेतला एक ती विकायला नकार द्यायची. असे अकरा जण कपाटात गुंडाळून ठेवलेले होते. ती म्हणाली, काढा. दादाने माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे. त्याने कपाट उघडलं आणि वरचाच पहिला हाताला आला तो कापडातून सोडवून टेबलावर ठेवला. तो नेमका शेवटच्या खेपेतला निघाला.

आत्याने मान तिरकी केली. "हा कुणी केला?"

दादा कापडाची घडी घालत राहिला.

"दादा, तू केलास? मी वर पडून होते तेव्हा? अरे, माझ्यासारखा करायचा तर नीट तरी करायचास. एवढा रंग भरतात का? शाईची दौत झालीये नुसती. ऊन पलीकडे जाईल तरी का याच्यातून?"

दादा बावन्न वर्षांचा आहे. त्याच्या हाताखाली आता दोन माणसं काम करतात. तो मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "हो. मीच केला."

"वाटलंच मला. रंगाचा अंदाज तुला कधी आलाच नाही."

"हो."

आणि तेव्हा माझं डोकं फिरलं. आत्यावर नाही, दादावर नाही, त्या 'हो'वर. मी पुढे झाले, टेबलावरचा माणूस उचलून आडवा केला आणि त्याचा तळ आत्यापुढे धरला. तळाला सुईने कोरलेली सही होती. तिची.

"तुझा आहे," मी म्हणाले. "शेवटच्या खेपेतला. मी अडीच चमचे पूड मोजून दिली होती. आणि खिडकीतला आहे ना, त्यातली निळी बाजारची आहे. तुझी जमत नव्हती, दोरा वाकला. मी खोटं बोलले."

आत्या बाकावर बसली. जुनी सवय, कड चाचपून बसली.

"जमत नव्हती तर सांगायचं," ती हळू म्हणाली. "मी काय खाल्लं असतं तुला?"

"खाल्लं असतंस," दादा म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. पूर्वी एवढ्यावर तिने चिमटा फेकला असता. ती म्हणाली, "सगळे काढ. वर्षांप्रमाणे लाव."

आम्ही ते अकराही जण खिडकीत ओळीने लावले. ऊन सगळ्यांतून सारखंच येत होतं, पण टेबलावर ते पायरीपायरीने उतरत गेलं होतं. पहिल्या दोघांपुढे लख्ख निळं, मग जरा कमी, मग धुरकट, आणि शेवटच्या तिघांपुढे नुसती सावली. मी एकेक नग वेगवेगळा कितीदा पुसला असेल. असं ओळीत कधी बघितलं नव्हतं. मला लाज वाटली. ती गोष्ट लपत नव्हतीच मुळी. ती इतकी उघड होती, की ती न बोलण्यासाठी आम्हा दोघांना वीस वर्षं कष्ट घ्यावे लागले असणार.

आत्या ओळीच्या पहिल्या टोकापासून निघाली. प्रत्येकापुढे थांबत होती, टेबलावरचा त्याचा उजेड तळहातावर घेऊन बघत होती. पाचव्यापाशी ती थांबली आणि पुढे गेलीच नाही.

"इथे सांगायला हवं होतंत," ती म्हणाली. "इथे मी ऐकलं असतं."

मला ते वर्ष आठवत होतं. मी सव्वा चमचा पूड दिली होती आणि ती अजून मागत होती.

"तुम्ही आपसांत बोलला होतात?"

"बोललो होतो," दादा म्हणाला.

"काय?"

ते मीच सांगितलं. "मी म्हणाले होते, आत्या आता काचेऐवजी शाईचा कारखाना काढणार."

"हसलात?"

"हसलो."

तिने मान हलवली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पाचव्यानंतरच्या सहा जणांकडे बघत होती, आणि त्यांच्यासारखे किती लोकांच्या घरी गेले असतील याचा ती हिशोब करत असणार, हे मला तिच्या तोंडावरून कळत होतं. त्या प्रत्येकाखाली तिची सही होती. फसवली गेली ती एकदाच, असं मी आठवडाभर धरून चालले होते आणि त्याच अपराधाने झुरत होते. प्रत्यक्षात ती अपराधाची सगळ्यात लहान बाजू होती.

मग ती तिथून निघाली आणि खिडकीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या नव्या माणसापाशी गेली.

"रंग राहू दे," ती म्हणाली. "हा कसा झालाय?"

दादा म्हणाला, "झकास—"

"तू गप. हिला विचारतेय."

मी त्या माणसाकडे बघितलं. तुम्हालाही मी मघाशी तो उभा राहिला एवढंच सांगितलं आणि पुढे सरकले. तुमच्याशीही मी तेच केलं, जे घरात सगळ्यांशी करते.

"डावा खांदा बसलाय," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू येईना. "तो ऐकत असल्यासारखा झुकत नाहीये, आत्या. दमल्यासारखा दिसतोय. काच जास्त तापली होती. तू 'अजून गरम' म्हणालीस तेव्हा तापवायची गरजच नव्हती. मी समोर होते, मला दिसत होतं."

आत्याने खांद्यावरून हात फिरवला. उजव्यावरून, मग डाव्यावरून, मग पुन्हा डाव्यावरून. तिला ऑपरेशनआधी शेवटचा एक माणूस मनासारखा हवा होता आणि तो तसा झाला नव्हता, आणि हे तिला मी सांगितलं होतं. मला वाटलं, हे मी कशाला केलं?

"बसलाय," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. एक डोळा स्वच्छ, दुसरा अजून धुरकट. सव्वीस वर्षांत तिने मला पुष्कळ काही सांगितलं होतं, कामात माझं मत मात्र कधी विचारलं नव्हतं.

"मग कधी थांबायला हवं होतं?" तिने विचारलं. "नीट सांग. मी ऐकतेय."

मी तिच्याशेजारी बाकावर बसले आणि तिला सांगायला लागले.